तांबेऱ्याचं साल

आमच्या भागातली जुनी माणसं सालं आकड्यांनी मोजत नसत. प्लेगाचं साल, रझाकाराचं साल, मिलोचं साल, अशी सालांची नावं. कोणाला वय विचारलं तर उत्तर यायचं, "तांबेऱ्याच्या साली मी गुरं राखायच्या वयाचा होतो." मग ऐकणारा बोटं मोजून वय काढी. बाकीच्या सालांचा इतिहास पुस्तकांत थोडाफार सापडतो. तांबेऱ्याच्या सालाचा मात्र कुठं फारसा सापडत नाही. ते साल म्हणजे १९४६-४७ चा रब्बी हंगाम.

आता ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी तांबेरा म्हणजे काय ते सांगतो. तांबेरा ही बुरशी आहे. कोणी तिला गेरवा म्हणतं, आणि ते नाव अगदी बरोबर बसतं. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायला गेरू कालवतो, त्या रंगाची भुकटी गव्हाच्या पानावर, खोडावर धरते. आधी बारीक पुळी येते. पुळी फुटली की आतून भुकटी बाहेर पडते. बोट फिरवलं तर बोट लाल होतं, पिकातून चाललं तर धोतराचा सोगा लाल होतो. त्या भुकटीचा एकेक कण म्हणजे तांबेऱ्याचं बी. वाऱ्यानं ते शेजारच्या ताटावर जातं, रात्री दव पडलं की त्या ओलीत रुजतं, आणि आठ-दहा दिवसांत तिथं नवी पुळी उठते. असे चार-पाच फेरे झाले की अख्खं शिवार लाल.

गव्हाचा तांबेरा तीन जातींचा. एक पानावरचा नारिंगी, एक खोडावरचा, जो शेवटी काळा पडतो, आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा. पिवळ्याला गारवा लागतो, तो पंजाब-हिमाचलाकडं. आपल्याकडं नारिंगी आणि काळा. नारिंगी पीक कमी करतो, काळा पीक नेतो. खोडाची सालच फाटते, त्यातून पाणी उडून जातं, मुळांनी ओढलेलं ओंबीपर्यंत पोचत नाही. चिकात आलेला दाणा तिथंच चिमतो. वरून ओंबी उभी दिसते, पण हातावर चोळली तर फोल आणि त्यात जिऱ्यासारखा दाणा.

त्या साली आमच्या गावात हेच झालं. आमचं गाव कन्नडच्या बाजूला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला. निजामाचं राज्य होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. ते सांगायचे की काळ्या रानात कोरडवाहू बन्सी गहू होता, थंडी चांगली पडली म्हणून माणसं खुशीत होती. मग आभाळ यायला लागलं. दिवसा ढग, सकाळी धुई, पानांवरून दव निथळायचं. जोंधळ्याला कोणी वाईट म्हणेना, पण गव्हाची चिंता लागली. पोटरीतून ओंब्या निसवल्या आणि खालच्या पानांवर गेरू दिसला. पंधरा दिवसांत खोडं लाल आणि महिन्याभरात काळी. आजोबांनी एक ताट उपटून खोडावरून नख ओढलं, बांधावर बसले आणि म्हणाले, "दाणा गेला, आता काड तरी बघा." पण ते काडही जनावरं नीट खाईनात.

कापणी केली ती निम्म्याच रानाची. बाकीच्यात गुरं सोडली. जे खळ्यावर आलं ते उफणताना दाणा पायाशी पडायचा सोडून भुशाबरोबर उडत होता. त्यात लेव्ही होती. युद्धाच्या काळापासून सरकारात धान्य घालावं लागे, आणि ती माणसं पीक किती आलं यापेक्षा जमीन किती आहे हे पाहत. आमच्या घरानं लेव्ही भरायला जोंधळ्याचं पेव उपसलं. त्याच्या पुढच्या वर्षी रझाकारांची धामधूम सुरू झाली, ती १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होईपर्यंत. म्हणून रझाकाराचं साल लोकांच्या तोंडी जास्त राहिलं. पण अण्णा म्हणायचे, आमच्या घराचं कंबरडं रझाकारांच्या आधी तांबेऱ्यानं मोडलं होतं.

हे एकट्या आमच्या गावाचं नव्हतं. त्या हंगामात माळवा, बुंदेलखंड, नर्मदेचं खोरं आणि त्याच्या खालचा गव्हाचा पट्टा काळ्या तांबेऱ्यानं झोडपून काढला. सुमारे २० लाख टन गहू गेला असा अंदाज नंतर मांडला गेला. बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, शहरांत रेशन, आणि स्वातंत्र्य सहा-सात महिन्यांवर आलेलं. अशा वेळी २० लाख टन म्हणजे किती, हे ज्यानं रेशनच्या रांगेत पिशवी धरली आहे त्याला सांगायला नको.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती नुकसानीपेक्षा जड आहे. पीक गेलं की माणूस कारण शोधतो. आमच्या गावानं ते लवकर शोधलं.

दर साली दिवाळीनंतर नगर-नाशिककडून धनगरांचे वाडे आमच्याकडं उतरायचे. डोंगरावरच्या कुरणात चार दिवस मेंढ्या चारायच्या, मग खाली येऊन शेतकऱ्यांच्या रानात बसवायच्या. एका रात्रीची मेंढी बसली की त्या रानाला दोन वर्षं दुसरं खत लागत नसे. बदल्यात आम्ही त्यांना जोंधळा देत असू. पिढ्यांचा व्यवहार होता. त्या साली पाऊस लांबला होता, आणि डोंगरावरच्या गवतावर तांबेरा दिवाळीतच दिसला होता. कुसळीच्या पानांवर, मारवेलाच्या पानांवर, लाल भुकटी. मेंढ्यांच्या लोकरीला ती लागलेली, धनगरांच्या घोंगड्यांना लागलेली. हे सगळ्यांनी पाहिलेलं. मग दोन महिन्यांनी गव्हावर तीच भुकटी आली. गावानं दोन आणि दोन चार केले. डोंगराचा रोग घोंगडीवरून गव्हात आला, असं ठरलं. त्या लोकांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही आणि मेंढ्या रातोरात हुसकल्या. वाड्यातली एक बाई दिवस भरत आलेली होती, तिलाही त्याच रात्री चालावं लागलं. पुढं तिचं काय झालं ते गावातल्या कोणाला कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

त्यानंतर चार-पाच वर्षं आमच्या शिवारात वाडा उतरला नाही. रानं खताला मुकली. तांबेऱ्यानं एका सालाचा गहू नेला, पण ह्या एका रात्रीनं चार सालांचं खत नेलं.

आमचं गाव अडाणी होतं म्हणून असं झालं, असं कोणी म्हणू नये. तांबेऱ्यापुढं सगळं जग असंच वागलं आहे. जुन्या रोमन लोकांचा तांबेऱ्याचा एक देवच होता, रोबिगस नावाचा. दर २५ एप्रिलला त्याचा सण करत आणि त्याला लाल रंगाचं कुत्रं बळी देत. रोग लाल म्हणून कुत्रं लाल. आपल्या जवळचं उदाहरण पाहिजे तर ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याचं घ्या. तो १८२०-३० च्या काळात नर्मदेच्या खोऱ्यात होता. त्याच्या १८४४ साली निघालेल्या पुस्तकात गव्हाच्या तांबेऱ्यावर बरंच लिहिलेलं आहे. मैलच्या मैल गहू असा बसला की लोकांनी कापणीचा खर्चही केला नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. आणि लोक कारणं काय सांगत होते? कोणी गोहत्या म्हणे, कोणी व्यभिचार म्हणे. म्हणजे शंभर वर्षं आधी नर्मदेकाठी पाप शोधलं, आमच्याकडं धनगर शोधला. फरक एवढाच.

आता शास्त्रज्ञांनी काय शोधलं ते क्रमानं सांगतो, कारण त्यातच आमच्या डोंगराचा न्याय आहे.

तांबेरा हा वेगळा जीव आहे, तो गव्हाच्या अंगावर जगतो, हे १७६७ साली इटलीतल्या दोन माणसांनी, फोन्ताना आणि तोझेत्ती यांनी, भिंगातून पाहून लिहिलं. त्याआधी लोकांना वाटायचं की गव्हाचा रसच बाहेर येऊन वाळतो. पुढं १८६५ साली दे बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं आणखी एक नवल दाखवलं. खोडावरच्या तांबेऱ्याला पुरा संसार करायला दोन घरं लागतात. एक गव्हाचं आणि दुसरं बारबेरी नावाच्या काटेरी झुडपाचं. आपली दारुहळद ह्याच झुडपाच्या कुळातली. युरोपातल्या शेतकऱ्यांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून संशयानं माहीत होतं, बांधावर बारबेरी असली की गहू बसतो म्हणून ते ती तोडत. अमेरिकेनं तर १९१८ पासून मोहीम काढून कोट्यवधी झुडपं उपटली.

दोन घरांचा हा प्रकार ऐकून शहरी माणूस चकित होतो, पण आपल्या परसातही तो चालू आहे. बाजरीचा तांबेरा वांग्याच्या पानावर एक पिढी काढतो. वांग्याच्या पानामागं पिवळट पेल्यांसारखे बारीक ठिपके दिसतात ना, ते त्याचेच. जोंधळ्याच्या तांबेऱ्याचं दुसरं घर आंबुशी, पोरं चिंचेसारखी चघळतात ती.

मग प्रश्न आला गवताचा. गहू मुळात गवतच. बाजरी, जोंधळा, ऊस, सगळी गवताची लेकरं. तांबेरा रानातल्या गवतावर दिसतो, गव्हावर दिसतो, रंग सारखा, पुळी सारखी. मग तो एकच असणार असं कोणालाही वाटेल. स्वीडनच्या एरिक्सननं १८९४ साली दाखवलं की तसं नाही. दिसायला एक असलेल्या तांबेऱ्यातही जाती-पोटजाती असतात आणि प्रत्येकाचं खाणं ठरलेलं असतं. गव्हावरचा ओटवर रुजत नाही, ओटवरचा गव्हावर रुजत नाही. आपल्या कुसळीवरचा, मारवेलावरचा तांबेरा तर जातीनंच निराळा. तो कितीही उधळला, गव्हाच्या पानावर पडला, दवात भिजला, तरी तिथं त्याचं पोट भरत नाही. तो मरतो. म्हणजे दिवाळीत धनगरांच्या घोंगडीला लागलेली ती लाल भुकटी गव्हाच्या लेखी नुसती धूळ होती.

मग गव्हाचा तांबेरा आला कुठून? ह्याचं उत्तर शोधणारा माणूस आपल्याच देशातला, आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक करमचंद मेहता. त्यांनी १९२० नंतर ह्या कामाला हात घातला आणि जवळजवळ मरेपर्यंत, म्हणजे १९५० पर्यंत, तेच केलं. त्यांचा प्रश्न साधा होता, शेतकऱ्याला पडावा तसा. मार्चमध्ये गहू कापला. नोव्हेंबरात पुन्हा पेरला. मधल्या सात-आठ महिन्यांत तांबेरा राहतो कुठं? काडात राहतो म्हणावं तर मे महिन्याच्या उन्हात काड तव्यासारखं तापतं, त्यात तांबेऱ्याचं बी जिवंत राहत नाही. बारबेरीवर राहतो म्हणावं तर ती झुडपं सपाटीवर नाहीतच, आणि हिमालयात आहेत तिथंही त्यांच्यामुळं गव्हाला रोग होताना दिसेना. युरोपचं पुस्तक इथं लागू पडत नव्हतं.

मेहतांनी मग भर उन्हाळ्यात जिवंत तांबेरा शोधायला सुरुवात केली. सपाटीवर सापडला नाही. डोंगरांत सापडला. उंचावर उन्हाळाही थंड असतो, तिथं गहू निराळ्या वेळी पेरतात, आणि कापणीत सांडलेल्या दाण्यांची आपोआप उगवलेली रोपं बाराही महिने कुठं ना कुठं हिरवी असतात. त्या रोपांवर तांबेरा आपला उन्हाळा सुखात काढतो. उत्तरेला हिमालय, दक्षिणेला निलगिरी आणि पळणीचे डोंगर. मेहतांनी जागोजागी चिकट लेप लावलेल्या काचा वाऱ्यात ठेवल्या आणि त्यांच्यावर तांबेऱ्याचं बी कधी येऊन चिकटतं ते सूक्ष्मदर्शकातून मोजलं. पिकावर रोग दिसायच्या आधी काचेवर बी दिसत होतं. म्हणजे रोग मातीतून उगवत नव्हता, आभाळातून पडत होता. १९४० साली त्यांचा मोठा अहवाल निघाला. आमच्या गावानं धनगर हुसकले त्याच्या सहा वर्षं आधी खरं कारण छापून तयार होतं. पण ते इंग्रजीत होतं, आणि आमच्या गावात तेव्हा मराठी वाचणारीही चारच माणसं होती, कारण शाळा उर्दूतली.

उंच डोंगर म्हटलं की आपल्याला म्हैसमाळ आठवतो, गौताळ्याचं रान आठवतं. पण तांबेऱ्याला लागतो तो गारवा तिथं नाही. एप्रिल-मेमध्ये म्हैसमाळची माणसंही घामाघूम होतात. उटीचा डोंगर सात हजार फुटांच्या वर आहे. महाराष्ट्रात त्यातल्या त्यात जवळ जातं ते महाबळेश्वर, साडेचार हजार फुटांचं. थंड, ओलं, धुक्याचं. म्हणून तिथं गहू गेरवा संशोधन केंद्र काढलं, ते आज राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडं आहे. तिथं मुद्दाम तांबेरा वाढवतात आणि नव्या वाणांवर सोडतात. जो वाण तिथं टिकेल तोच पुढं शेतकऱ्याच्या पाभरीत येतो. लोक महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातात. आपल्या ताटातल्या पोळीची परीक्षाही तिथं होते हे त्यांना ठाऊक नसतं.

निलगिरीवरचा तांबेरा एवढ्या लांब मध्य भारतात कसा येतो, ह्याचा उलगडा १९७०-८० च्या काळात दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी केला. एस. नागराजन आणि त्यांच्या सोबत्यांनी उपग्रहावरून काढलेली ढगांची चित्रं आणि वाऱ्याचे नकाशे जुळवून पाहिले. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठतं. ते दक्षिण भारतावरून ठरावीक वाटेनं गेलं तर निलगिरीवरची भुकटी वर उचलली जाते, शेकडो कोस वाहत येते, आणि पावसाच्या थेंबाबरोबर कोवळ्या गव्हावर उतरते. वादळाची वाट चुकली तर रोग नाही. वाट जुळली, आणि पुढं आभाळ, धुई, दव मिळत गेलं, तर तांबेऱ्याचं साल.

निलगिरीवरच्या काही रानगवतांवरही गव्हाचाच तांबेरा आढळल्याची नोंद आहे. म्हणजे गवत अगदीच निर्दोष नाही. पण ती गवतं तिकडची, उंचावरची, गारव्यातली. आमच्या कुरणातली नव्हेत. आमच्या डोंगराचा, आमच्या गवताचा आणि ज्यांनी त्या रात्री पोरंबाळं उचलून रस्ता धरला त्या माणसांचा ह्यात काडीचा दोष नव्हता. हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं, कारण त्या वेळची माणसं आता राहिली नाहीत. तोंडी गोष्ट राहते तेव्हा "धनगरांनी रोग आणला होता" एवढंच राहतं.

कारण कळलं म्हणून वादळ थांबवता येत नाही. मग उपाय बियाण्यात शोधायला लागले. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला १९३२ सालापासून गव्हाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनी आफ्रिकेतल्या केनियातून तांबेऱ्याला न जुमानणारे गहू आणले आणि निफाडच्या गव्हाशी त्यांचा संकर केला. त्यातून जे वाण निघाले त्यांचं नाव ठेवलं केनफड. केनियातला 'केन' आणि निफाडमधला 'फड'. नाव मोठं झकास आहे. मी लहान असताना एक म्हातारे गृहस्थ सांगायचे की केनफड म्हणजे केनच्या फडातला गहू. आम्हांला ते खरंच वाटायचं.

पण तांबेऱ्याला तोंड देणारं बी आफ्रिकेतच होतं असं नाही. आपली खपली घ्या. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगावकडं हा गहू जास्त, आमच्याकडं एखाद्या घरी खिरीपुरता. मळणी केली तरी टरफल सोडत नाही, कांडावा लागतो, म्हणून खपली. अमेरिकेतले शास्त्रज्ञ १९२० च्या सुमारास तांबेऱ्याच्या पोटजाती ओळखायला १२ गव्हांचा संच वापरायला लागले. कोणता तांबेरा कोणत्या गव्हावर उठतो ते पाहायचं आणि त्याला नंबर द्यायचा. त्या १२ गव्हांत एकाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, खपली. जगभरचे शास्त्रज्ञ तोंड वाकडं करून हा मराठी शब्द उच्चारत असतील. ऑस्ट्रेलियात खपलीचा संकर करून जो गहू काढला त्याला खपस्टीन नाव दिलं. तांबेऱ्याला अडवणारे दोन गुण खपलीतून वेगळे ओळखले गेले आणि जगातल्या कितीतरी गव्हांत घातले गेले. आमच्या घरातल्या बायका ही खपली कांडताना कुरकुरायच्या, कारण उखळात हात भरून यायचे.

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत आहे. नॉर्मन बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत गेले ते तांबेऱ्याशी लढायलाच. बुटका गहू, भरघोस उत्पन्न, हे मागून आलं. पहिलं काम गव्हाला तांबेऱ्यातून वाचवायचं होतं. १९६६ साली भारतानं मेक्सिकोतून १८ हजार टन बी आणलं. १९६७ ला कल्याण सोना आणि सोनालिका हे वाण आले. आमच्या विहिरीवर मोट जाऊन इंजिन आलं तेव्हा अण्णांनी कल्याण सोना पेरला. गहू गुडघ्याएवढा आणि ओंबी वीतभर, लोक बघायला यायचे.

आणि मग कल्याण सोनाही बसला. देशभर एकच वाण झाला होता. १९७० नंतरच्या काही वर्षांतच नारिंगी तांबेऱ्याची त्याला खाणारी पोटजात तयार झाली. माणूस बियाणं बदलतो, तांबेराही स्वतःला बदलतो. त्याच काळात ७२ चा दुष्काळ. आम्ही सुकडी खाल्ली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली. शाळेत जाताना खडी फोडणाऱ्या बायका रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसायच्या. गहू बसला काय आणि नाही काय, त्या साली पेरायलाच पाणी नव्हतं.

मधली वीस-पंचवीस वर्षं काळा तांबेरा जवळजवळ विसरल्यासारखा झाला. राय नावाच्या धान्यातून घेतलेला एक गुण जगभरच्या गव्हांत घातलेला होता, त्यावर सगळे निर्धास्त होते. १९९८ साली युगांडात त्या गुणाला न जुमानणारा तांबेरा दिसला, १९९९ साली त्याची नोंद झाली. तिथून तो केनिया, इथिओपिया, येमेन करत २००७ पर्यंत इराणात पोचला. तोही वाऱ्यानंच. नव्वदीतले बोरलॉग पुन्हा उठले आणि जगाला सावध करत फिरले. भारतातले गव्हाचे वाण तपासायला केनियात पाठवले गेले. ज्या देशातून केनफडचा बाप आणला त्याच देशात आपली पोरं परीक्षेला बसली. ह्या नव्या तांबेऱ्यापुढं जगातले पुष्कळ गहू नापास झाले, तेव्हा खपलीतला एक गुण मात्र टिकून होता.

आज आमच्याकडं गव्हाला तांबेरा पडला तर दुकानदार औषधाची बाटली देतो. मारलं तर थांबतो, पण वेळेवर मारलं तरच. निफाडचे त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती असे वाण आहेत, त्यांच्यात सोसायची ताकद आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं तर गहू तांबेऱ्याच्या आधी पुढं निघतो, डिसेंबराच्या शेवटी पेरला तर गाठला जातो. युरिया जास्त झाला, पाणी जास्त झालं, की पान मऊ होतं आणि तांबेऱ्याला आवडतं. हे सगळं कृषी विद्यापीठाची माणसं सांगतात आणि ते खरं आहे.

पण एक गोष्ट मी शिवारात फिरताना पाहतो. अण्णांच्या तरुणपणी आमच्या गावात बन्सी होता, खपली होती, पिवळा होता, पोटी होता. प्रत्येकाच्या कणगीत निराळं बी. तरीही तांबेऱ्यानं मारलं, हे विसरत नाही. आज गावभर फार तर दोन वाण, तेही पिशवीतले, आणि शेजाऱ्यानं आणलं म्हणून मी आणलं असे. खपली शोधायला मला गेल्या साली तीन तालुके फिरावे लागले. शहरातले लोक साखरेच्या आजाराला बरी म्हणून ती भारी भावानं घेतात, त्यामुळं आता कोणी कोणी पुन्हा पेरतंय. कारण काही का असेना, बी जिवंत राहतंय.

डोंगरावरचं गवत अजून आहे, जितकं राहिलं आहे तितकं. दिवाळीत वर गेलं तर कुसळी, मारवेल, पवना, शेडा, आणि नावं नसलेली दहा-बारा गवतं एकमेकांत मिसळून उभी असतात. त्यांतल्या एखाद्यावर दर साली तांबेरा असतोच. चालताना पायजमा लाल होतो. पण शेजारचं ताट दुसऱ्या जातीचं असतं, त्याला तो लागत नाही, त्याच्या पलीकडचं तिसऱ्या जातीचं. रोग तिथल्या तिथं फिरत राहतो आणि थंडी वाढून गवत वाळलं की संपतो. कुरण बसलं असं आमच्या गावात आजवर कोणी म्हटलेलं नाही. वाडे अजूनही उतरतात, पूर्वीपेक्षा कमी. मेंढ्यांच्या लोकरीला ती लाल भुकटी लागलेली असते. माझ्या रानात ते दोन रात्री मेंढ्या बसवतात आणि मी त्यांना जोंधळा देतो.